तबस्सुमच्या फ्रिजातलं बिऱ्हाड

"...अन् ते जिवंत हायेत बरं! फ्रिजात ठेवले तिनं. कोणाचे, तं आपल्याच गल्लीतल्या एका घरचे. त्या घराचं नाव..."

आणि इथे बेबीताईच्या कुकरनं शिट्टी मारली!

मी भिंतीला कान लावून उभी नव्हते, हे आधीच सांगते. मी कपडे वाळत घालत होते. आता आमची दोरी बेबीताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते, त्याला मी काय करू? आणि त्या दिवशी धुणंही जरा जास्तच होतं. शिट्टी संपली तेव्हा बेबीताई फोनवर मेडशीच्या बहिणीला तुरीला शेंगा कशा लागल्या ते विचारत होती. मुख्य तेवढं वाफेत गेलं.

किस्से असेच जमतात बघा. कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या कारंज्यात कापसाचा हंगाम लागला की गाड्यांवरून उडालेला कापूस गल्लीत येतो. दाराच्या फटीत, तुळशीच्या मुळाशी, चष्म्याच्या डबीत सुद्धा जाऊन बसतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एखाद्या दिवशी कोपऱ्यात झाडू फिरवावा तर मूठभर निघतो, बाळाची उशी भरावी एवढा! तबस्सुमच्या लॅबचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत.

तबस्सुम कोण ते सांगायचं राहिलंच. आमच्या बाजूला ओळीनं तीन घरं. डावीकडे गफूरचाचा, गाद्या-रजया भरणारे. उजवीकडे बेबीताई. मध्ये मी, शोभा. दहावी शिकलेली, त्यात विज्ञानात काठावर पास. तबस्सुम ही गफूरचाचांची एकुलती एक. मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली, वर लॅबचा कोर्स केला, आणि बेबीताईची रस्त्यावरची खोली भाड्यानं घेऊन रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली. डावीकडची पोरगी उजवीकडे कामाला, आणि जायचा-यायचा रस्ता माझ्या दारावरून. मला सगळं कळतं यात नवल काय!

शिट्टीच्या दुसऱ्या दिवशी बेबीताई लॅबच्या उंबऱ्यात उभी राहिली. कमरेवर हात. मी नेमकी तिथंच बाकावर होते, वजन करायला आले होते.

"नाव सांगतं का नाई सांगत?"

"नाई सांगत, काकू. पण ते रोगाचे नाईत, खरंच."

"रोगाचे नाईत तं लपवून कायले राह्यली? मी कोथिंबिरीची जुडी ठेवाले आली तं म्हणे, याच्यात जिवंत जंतू हायेत, खायचं ठेवू नका. म्या खोली मानसाइले तपासाले देल्ली. जंतू पाळाले नाई देल्ली! संक्रांतीपर्यंत खाली कर."

म्हणजे त्या कुकरच्या शिट्टीखाली काही नव्हतंच! बेबीताईचं वाक्य "त्या घराचं नाव सांगतलंच नाई तिनं" असंच संपलं असणार. आणि मी रात्रभर एकेका घराचं नाव घालून पाहत होते.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. तशी खोली तबस्सुमला दुसरी मिळणार नव्हती. दिवसभर भरपूर उजेड, आतच नळ, समोर दवाखाना. ती गेली तर वाशिमला कोणाच्या तरी लॅबमध्ये नोकरी, आणि इकडे चाचा एकटे. बेबीताई गेल्यावर पोरगी काचपट्ट्या फडक्यानं पुसत बसली, पुसलेल्याच पुन्हा.

नाव मात्र तिनं मलाही सांगितलं नाही! कोणाचं काय तपासलं ते ती दाराबाहेर जाऊ देत नाही. आमच्या ह्यांच्या शुगरचा रिपोर्ट विचारायला मी, सख्खी बायको, गेले होते तर म्हणाली, "काकाले पाठवा."

*

लॅब उघडली त्याच आठवड्यात मी तो मायक्रोस्कोप पाहायला गेले होते. ती मायक्रोस्कोप म्हणते, मी नळी म्हणते.

"एक डोळा लावा, मावशी. काय दिसून राह्यलं?"

"जंगल!" मी म्हणाले. "माय वं, काय जंगल हाये! काळेभोर झाडं. सारे एकाच बाजूले वाकले, वारा सुटल्यावानी. आन् हालून राह्यले!"

खरंच तसं होतं. पांढरं आभाळ आणि त्यात काळी वाकलेली झाडं. मी डोळा मिटला की जंगल जायचं, उघडला की परत यायचं. बाहेर कोणीतरी रिपोर्ट मागत होतं, ते मला फार लांबून, दुसऱ्या गावाहून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. मी बराच वेळ त्या झाडांखाली उभी होते म्हणा ना.

तबस्सुम माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "मावशी, जरा मांगं सरा. त्या तुमच्या पापण्या हायेत!"

नंतर जंतू पुष्कळ पाहिले. पण ते जंगल काही पुन्हा दिसलं नाही.

*

मग तिनं मला माझ्याच माठातल्या पाण्याचा थेंब दाखवला. त्यात काही ठिपके जागच्या जागी थरथरत होते, काही मात्र सरळ निघाले होते, बाजाराला निघाल्यासारखे.

"हे पोहून राह्यले का?"

"हो. याइले शेपटी असते. इतकी बारीक का इथं दिसत नाई. ती भिंगरीवानी फिरवतात अन् जातात."

मी घरी आले आणि उकळायला घेतलं. पाणी उकळलं, दूध तीनदा उकळलं, चमचे-वाट्या उकळल्या, लोणच्याची बरणी उकळली, आतल्या लोणच्यासकट! आमचे हे एसटीत ड्रायव्हर. ड्युटी करून आले, तर घरात खिडक्यांना वाफ धरलेली आणि हात धुवायला ठेवलेलं पाणीही चटका बसेल असं.

"शोभा," हे म्हणाले, "आता मले बी उकळतं का?"

मी हे तबस्सुमला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"मावशी... दही नाई ना उकळलं?"

"दही कोणी उकळते का वं? ते तं आधीच उकळेल दुधाचं असते. स्वच्छ!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण झोपलेल्या लेकराकडे पाहतो. म्हणाली, "बरोबर हाये. तसंच राहू द्या."

*

दुपारी लॅबमध्ये पेशंट नसतात. रस्ता पांढरा पडलेला असतो, गाद्यांच्या दुकानातून गफूरचाचा लेकीचा डबा घेऊन येतात, त्यांच्या भुवयांवर कापूस, टोपीवर कापूस. चाचांनी कधी त्या नळीला डोळा लावला नाही. तबस्सुम म्हणायची, "अब्बा, एक बार देखो तो." तर म्हणायचे, "जो दिखता नहीं, उसको दिखने का शौक नहीं होगा, बेटा."

एकदा अशा दुपारी मी विचारलं, "त्याच्या घरात काय काय असते वं? खोल्या किती?"

"एकच खोली, मावशी. बाहीरून पक्की भिंत. भिंतीच्या आतून पातळ पडदा, कोणाले आत घ्याचं अन् कोणाले नाई, ते तो पाह्यते. अन् आत सारं एकत्रच."

"देवघर नाई? कोठीची खोली नाई?"

"काईच नाई. आपल्या पेशीत मधात कशी येगळी खोली असते, तिच्यात सारा कारभार. याच्यात तशी खोली नाई. कारभाराचा जो धागा असते ना, तो तसाच गुंडाळून मधात पडेल असते. अन् आजूबाजूले बारीक बारीक दाणे, तिथं लागते ते सामान बनते."

"दाराले कडी नाई, पेटीले कुलूप नाई!"

"नाई. काहीइच्या अंगावर बारीक केस असतात, चिकटून बसाले. अन् काही तं भिंतीवरून अजून एक जाड रजई पांघरतात."

चाचा इतका वेळ डब्याचं झाकण लावत होते. ते थांबले. "रजई?"

"हो अब्बा. आपल्या रक्तातल्या शिपायाइनं खाऊ नये म्हणून."

"रुईवाली?"

"रुई नाई, चिकट असते. गोंदावानी."

चाचांनी मान हलवली. त्यांना त्या जंतूची खरोखर कीव आली असावी. "बोल उसको, अपनी दुकान पे आ जा. चिकट रजई ठंडी का एक मौसम भी नहीं निकालती!"

त्या दुपारी मला बाकावरच डुलकी लागली. स्वप्नात मी एका खोलीच्या घरात होते. दार नव्हतं, फळी नव्हती, मधोमध लोकरीचा मोठा गुंडा पडला होता आणि मला कुठलीच वस्तू शोधावी लागत नव्हती. किल्ली सुद्धा. जाग आली तर तबस्सुमनं माझ्या अंगावर तिची ओढणी टाकली होती.

*

मग एकदा जवळच्या शाळेतल्या मुली लॅब पाहायला यायच्या होत्या. आदल्या दिवशी कळलं की तबस्सुमचा जंतूंच्या आकारांचा तक्ता उंदरांनी कुरतडला. मी म्हणाले, "घाबरू नको," आणि घरून सूप घेऊन आले.

सुपात मोहरी टाकली, हे गोल जंतू. जिरं टाकलं, हे काडीसारखे. काजूची फोड, हा एका बाजूनं वाकलेला. आणि पिळाचा जंतू काही केल्या सुचेना, तर कुरडईचा तुकडा मोडून ठेवला. मुली सुपाभोवती अशा गोळा झाल्या की नळीकडे कोणी पाहीना.

तबस्सुमनं मोहरीचे दाणे बोटानं सरकवले. दोन जवळ जवळ, ही जोडी. एकामागे एक, ही साखळी. चार चौकटीत. चारांवर चार रचले तर पेढ्यांच्या पुड्यासारखा चौकोनी गठ्ठा. आणि सगळे कसेही एकमेकांना बिलगले तर घोस, द्राक्षांचा असतो तसा.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, काही साखळीत अन् काही घोसात काहून राह्यतात?"

"एकाचे दोन होतात तवा ते सुटून जात नाईत, चिकटून राह्यतात. दर खेपी एकाच दिशेनं फुटले तं साखळी होते. कधी असे, कधी तसे, चहूकडून फुटले तं घोस."

मी म्हणाले, "म्हणजे वाटण्याच! आमच्या ह्यांच्या केनवडच्या भावकीत चहूकडून वाटण्या झाल्या. कोणाचा गोठा कोणाच्या चुलीत, कोणाचं दार कोणाच्या न्हाणीत. पक्का घोस हाये!"

मुली हसल्या. मी मात्र घरी येताना आमच्या गल्लीकडे पाहिलं. चाचांचं घर, त्याला लागून आमचं, त्याला लागून बेबीताईचं. मधल्या भिंती सामायिक. साखळीच की!

संध्याकाळी हे जेवायला बसले आणि ताटाकडे पाहतच राहिले. "शोभा, वरणात कुरडई?" सुपातलं सगळं मी फोडणीत टाकलं होतं. जंतूंच्या नादात!

*

दिवाळीला तबस्सुम म्हणाली, "मावशी, लॅबपुढं रांगोळी काढता का? पेशंटले बरं वाटते." मी ठिपक्यांची काढणार होते. पण सकाळचं धुकं होतं, गल्ली अजून झोपेत होती, आणि हाताला जे ओळखीचं झालं होतं तेच उतरलं. जांभळा रंग घेऊन गोल गोल दाणे, एकमेकांना बिलगलेले, वरती दोन, खाली तीन, त्याच्या बाजूला चार. शेवटी शोभा यावी म्हणून हिरवं पान आणि देठ!

बेबीताई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. अजून त्या फ्रिजचं काही निघालं नव्हतं, खूश होती. "शोभा, द्राक्षं लय सुंदर काढली वं!" म्हणाली, आणि वाकून रांगोळीवर हळद-कुंकू वाहिलं. हातही जोडले.

तेवढ्यात तबस्सुम आली. रांगोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, हे तं गळवाच्या पुवातले हायेत! अन् रंग बी तोच देल्ला, आमी काचपट्टीवर देतो तो जांभळा!"

"काय म्हणते ती?" बेबीताईनं विचारलं.

"म्हणते, द्राक्षं गोड दिसून राह्यले."

आता तुम्ही काहीही म्हणा, पण त्या वर्षी बेबीताईच्या घरात कोणालाही गळू झालं नाही.

*

संक्रांत जवळ आली तशी लॅब रिकामी व्हायला लागली. एका दुपारी मी गेले तर तबस्सुम बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना घाई नव्हती. मी बाजूला बसून कागद फाडून देऊ लागले.

"काय वं," मी विचारलं, "एवढुशा त्या जिवाले मरण कसं येत असन?"

"उकळलं तं मरते. औषधानं मरते. नाई तं..." तिनं हातातली बाटली खोक्यात ठेवली. "मानूस जसं म्हातारं होऊन जाते, तसं त्याचं नाई, मावशी. तो लांब होते, धाग्याचे दोन धागे होतात, मधात भिंत येते, अन् एकाचे दोन."

"मंग त्यातली माय कोणती अन् लेक कोणती?"

"तसं नाई सांगता येत. दोन्ही तेच."

तिनं खोकं बंद केलं. चिकटपट्टी सापडेना तर तसंच धरून बसली. म्हणाली, "अम्मीले हे सांगायचं राहून गेलं. तिले लय आवडलं असतं."

तिची अम्मी, आमच्या झुबेदाभाभी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाभींचं दही असं लागायचं की वाडगं उपडं केलं तरी पडू नये. दुधात विरजण घातलं की त्या वाडग्याला रजईचा तुकडा गुंडाळायच्या, कोपऱ्यात ठेवायच्या, आणि मग त्या घरात कोणाला मोठ्यानं बोलायची सोय नसायची! चाचांचा आवाज दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून चढलेला. ते आले की भाभी आतून बोट वर करायच्या, "आहिस्ता बोलो. दही जम रहा है." आम्ही भिंतीच्या अलीकडे सुद्धा हळू बोलायचो, काय सांगू.

भाभी गेल्यावर त्या घरात दही लागलं नाही. चौकातून पाकीट आणतात. चाचा तर तेही खात नाहीत. दात आंबतात म्हणतात.

*

भोगीच्या दिवशी बेबीताई किल्ली घ्यायला आली. मी तिच्या मागोमाग. चाचा हातगाडी घेऊन आले होते, दाराशी दोर सोडत होते. सगळं बांधून झालं होतं. टेबलावर नळी आणि कोपऱ्यात फ्रिज, दोनच वस्तू राहिल्या होत्या.

"फ्रिज खाली कर म्हणलं होतं ना?" बेबीताई म्हणाली.

तबस्सुमनं फ्रिज उघडला. आतून बोटभर काचेची नळी काढली, तोंडाला कापसाचा बोळा. बेबीताईनं पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरली.

"हेच ना ते?"

"हेच, काकू."

"जिवंत?"

"जिवंत."

"आता तं तू जाऊनच राह्यली. आता तं सांग कोणाच्या घरचे!"

तबस्सुमनं माझ्याकडे पाहिलं. "मावशीच्या."

बेबीताईनं पदर आणखी घट्ट धरला आणि माझ्यापासूनही दोन पावलं सरली.

"माह्या? माय वं! कोणाले काय झालं?"

"कोणाले काई नाई झालं. दही हाये ते, मावशी. तुमचं."

मग तिनं सांगितलं. कधीतरी कढीसाठी माझ्याकडून वाटीभर दही नेलं होतं. त्यातलं चमचाभर बाजूला ठेवलं, आणि तेव्हापासून आठवड्याला ताज्या दुधात घालून ती ते जागतं ठेवत होती. दही म्हणजे तरी काय, साखळीवाले आणि काडीवाले, दोघं मिळून दूध लावतात. मुलींना दाखवायला घरचं, रोगाचं नसलेलं काहीतरी तिला हवं होतं.

"मंग मले कायले नाई सांगतलं?"

"तुमी दही उकळलं असतं, मावशी!"

बेबीताई खो खो हसली. मला राग यायला हवा होता, पण खरंच उकळलं असतं!

"अन् दुसरं बी एक हाये," तबस्सुम हळूच म्हणाली. "तुमच्या दह्याची चव ओळखीची लागते... काहून, ते मले माईत नाई."

म्हणजे बेबीताईची ती खबर अर्धीच खरी. जिवंत होते, खरं. आपल्याच गल्लीतल्या घरचे होते, तेही खरं. पण रोगाचा पत्ता नाही. आणि त्या घराच्या नावातही एक मेख होती, ती तबस्सुमलाही ठाऊक नव्हती. ती मलाच ठाऊक होती.

मी बाकावर बसले. "दही माह्या घरचं, खरं हाये. विरजण माह्या घरचं नाई."

लग्न होऊन नुकतीच आले होते. सासूबाईंचं विरजण एकदा उन्हाळ्यात बिघडलं, आणि त्या बाहेरगावी होत्या. मी घाबरून भिंतीवरून हाक मारली. भाभींनी रजईच्या तुकड्यात गुंडाळलेली वाटी भिंतीवर ठेवली. चार दिवसांनी सासूबाई आल्या, दही खाल्लं, आणि म्हणाल्या, "आपलं असं कवा लागलं? कोणाचं विरजण आणलं?" मी म्हणाले, "शेजारचं." शेजार दोन्हीकडे होता. त्यांनी कोणती बाजू ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेव्हापासून तेच चाललंय. आजचं दही राखून उद्याला, उद्याचं परवाला. एकदाही खंड नाही.

बेबीताईनं तोंडावरचा पदर काढला.

"शोभा, म्या तं तुह्याकडून विरजण नेतो."

"हो."

"लगनापासून नेतो!"

"हो, बेबीताई."

बाहेर दोर जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. चाचा उंबरा ओलांडून आत आले. टोपी काढली, भुवयांवरचा कापूस हातानं पुसला, टोपी परत घातली.

"बेटा," ते म्हणाले, "दिखा."

तबस्सुमनं रंगाच्या बाटलीकडे हात नेला आणि मागं घेतला. "रंग देल्ला तं मरतात," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "आज तसेच पाहू." तिनं काचपट्टीवर कण ठेवला, पाण्याच्या थेंबात हलकेच पसरवला, वर पातळ काच ठेवली, स्क्रू फिरवून आधी स्वतः पाहिलं आणि बाजूला झाली.

चाचा वाकले. एवढा उंच माणूस, पाठीचा पार कंस झाला. एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. आम्ही तिघी उभ्या. खिडकीतल्या उन्हात कापूस तरंगत होता. चाचा तसेच वाकलेले. पापण्याच पाहत असतील, असं माझ्या मनात आलं. पण त्यांचं बोट हळूहळू टेबलावर सरकत होतं, एकामागे एक, एकामागे एक, जसं कोणी ओळीतली घरं मोजावी.

बेबीताईला शांतता कधीच झेपत नाही.

"मंग हा फ्रिज कायले हलवून राह्यले तुमी?" ती एकदम गरजली. "राहू द्या म्हणतो तिथंच! ते खोके बी सोड वं तबस्सुम, आन् वाटीभर मले दे, माह्यं कालच बिघडलं..."

चाचांनी नळीवरचा डोळा काढला नाही. नुसतं एक बोट वर केलं.

"आहिस्ता बोलो, बाई. दही जम रहा है."